कोलंबो ते माले विमान : जाताना १ तास आणि येताना २ तास, असं कसं काय?

केतकी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बावळट वाटेल पण घरात तीन दिवस यावरून महाभारत चालूये म्हणून शेवटी इथे विचारतेय.

आईबाबांच्या लग्नाला डिसेंबरात ४० वर्षं होतायत. मी, नवरा, आई, बाबा असे चौघं आधी श्रीलंका ५ दिवस आणि मग मालदीव ३ दिवस असं ठरवलंय. मालेहून थेट मुंबई त्या तारखांना फारच महाग दाखवत होतं म्हणून परत कोलंबोवरूनच यायचं. कोलंबो-मालेची जायची यायची तिकिटं काढून झाली, कोलंबो-मुंबई परतीचं अजून काढायचंय आणि घोळ तिथेच आहे.

तिकिटावर असं आहे :
जाताना कोलंबोहून निघणार दुपारी १:१०, मालेला पोचणार २:१०
येताना मालेहून निघणार दुपारी ३:१५, कोलंबोला पोचणार ५:१५

म्हणजे तेच विमान, तोच समुद्र, जाताना एक तास आणि येताना दोन. बाबा म्हणतात एकतर छापताना चूक आहे नाहीतर येताना मधे कुठेतरी थांबवतात आणि ते सांगत नाहीयेत. नवरा म्हणतो बाबा टाइमझोन असतो. तर बाबांनी (रिटायर्ड गणिताचे शिक्षक, ३४ वर्षं) माळ्यावरून माझा शाळेतला ॲटलास काढला, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला, आणि पट्टी ठेवून दाखवलं की माले पुण्याच्या अगदी सरळ खाली आहे. जवळपास तोच रेखांश. मग घड्याळ वेगळं कसं असेल? यावर नवऱ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही.

मग अंतराचा मुद्दा निघाला. एका साइटवर कोलंबो-माले ७७७ दाखवतं, दुसरीवर ४८३, तिसरीवर ४२०. बाबा म्हणाले बघ, चारसो बीस, वेबसाइट स्वतःच कबूल करतेय. फ्लाइट टाइम एक साइट ५८ मिनिटं म्हणते, एक १ तास २८ मिनिटं. शेवटी बाबांनी आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन नकाशावर कोलंबोपासून मालेपर्यंत ताणला, मग तो फूटपट्टीवर धरला, ५.२ सेंटिमीटर भरला. नकाशाची स्केल १ सेंटिमीटरला १५० किमी. म्हणजे ७८०. तर आता आमच्या घरात दोऱ्याचं उत्तर अधिकृत आहे.

कृपया कोणीतरी नीट सांगा, खरं अंतर किती, खरा वेळ किती, आणि कोलंबोहून मुंबईचं संध्याकाळी ७:०५ चं विमान धरलं तर चालेल का? बाबांच्या हिशोबाने आम्ही ४:१५ ला पोचतो, म्हणजे भरपूर वेळ आहे.

---

पेठेतला_नातू

येताना चढ असेल. खंबाटकीसारखा.

---

रनवे_१०_२८

नातू, गप रे. 🙂

केतकीताई, पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या तिकिटात काहीही चूक नाही आणि विमान मधे कुठे थांबत पण नाही, थांबायला मधे जागाच नाही, सगळा लक्षद्वीप समुद्र आहे. दोन्ही वेळेला प्रवास दीड तासाचाच आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ ही त्या त्या गावाच्या घड्याळाची असते. कोलंबोचं घड्याळ आपल्यासारखंच, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मालदीवचं पाच तास पुढे. म्हणजे मालेला घड्याळ अर्धा तास मागे. १:१० ला निघालात, दीड तासाने कोलंबोत (आणि कर्वेनगरात) २:४० वाजलेले असतील पण मालेच्या भिंतीवर २:१०. येताना उलटं, मालेला ३:१५ म्हणजे आपले ३:४५, त्यात दीड तास मिळवा, ५:१५. जाताना अर्धा तास कमी दिसतो, येताना अर्धा तास जास्त, म्हणून फरक एक तासाचा वाटतो.

आता अंतर. तीनही साइट बरोबर आहेत! ७७७ किलोमीटर, ४८३ मैल, आणि ४२० नॉटिकल मैल. तिसरी साइट विमानवाल्यांसाठीची असणार, आकाशात आणि समुद्रावर सगळं नॉटिकलमधे मोजतात, १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. बाबांना माझा नमस्कार सांगा कारण दोऱ्याने ७८० काढणं म्हणजे ३ किलोमीटरची चूक, एवढ्या अंतरात ती काहीच नाही.

आणि ते गणिताचे सर आहेत म्हणून, दोऱ्याशिवाय पण काढता येईल. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, साधारण १११ किमी. कोलंबोचा विमानतळ (कटुनायकेचा, शहरापासून ३०-३५ किमी वर आहे, हे पण लक्षात ठेवा) ७.१८ उत्तर, ७९.८८ पूर्व. मालेचा ४.१९ उत्तर, ७३.५३ पूर्व. उभा फरक २.९९ अंश, आडवा ६.३५. विषुववृत्ताजवळ आहोत म्हणून आडवा अंश पण जवळपास तेवढाच मोठा, अर्धा टक्का कमी धरला तरी पुरे. मग पायथागोरस. पुण्यापासून लंडनला हे चालणार नाही, तिथे गोल पृथ्वीचं सूत्र लावावं लागतं, पण इथे ७७७ च येतं, करून बघा.

वेळेचं असंय की ५८ मिनिटंवाली साइट ७७७ भागिले ८०० करतेय, बस. जणू विमान गेटपासूनच ८०० च्या स्पीडने सुटतं. दुसरी साइट त्यात सरसकट अर्धा तास मिळवते, म्हणून १ तास २८. ती अंदाजाने का होईना खऱ्याच्या जवळ आहे. तिकिटावरचा वेळ हा गेट ते गेट असतो, ब्लॉक टाइम म्हणतात त्याला. दरवाजा बंद, मागे ढकलणं, रनवेपर्यंत रांगत जाणं, मग उड्डाण, उतरल्यावर परत पार्किंगपर्यंत, सगळं धरून. प्रत्यक्ष हवेत तुम्ही १ तास ५ ते १० मिनिटंच असाल.

त्यातही गंमत बघा, वर चढायलाच साधारण १२० नॉटिकल मैल जातात, उतरायला साधारण ११० आधीपासून सुरुवात करावी लागते. ४२० मधून ते वजा केले तर ३५ हजार फुटांवर सरळ उडणं राहतं १९० मैल, जेमतेम २५ मिनिटं. शिवाय १० हजार फुटांच्या खाली २५० नॉटची (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) मर्यादा असते. म्हणून छोट्या अंतरात सरासरी वेग कधीच ८०० पडत नाही. बिचाऱ्या केबिन क्रूला तेवढ्या २५ मिनिटांत अख्ख्या विमानाला खायला घालून कचरा गोळा करायचा असतो, तेव्हा चहा मागायचा तर पटकन मागा.

---

ज्ञानेश_वाकड

टाइमझोन वगैरे ठीके पण मूळ कारण वेगळं आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे पश्चिमेला जाताना माले तुमच्याकडे येत असतं आणि परत येताना कोलंबो तुमच्यापासून लांब जात असतं. म्हणून येताना जास्त वेळ. बेसिक फिजिक्स.

---

पेठेतला_नातू

ज्ञानेशराव, मग विमानाचा खर्च कशाला? लोहगावहून हेलिकॉप्टर सरळ वर न्यावं, दोन तास एका जागी उभं करावं, पृथ्वी तासाला १५ अंश फिरते म्हणजे ३० अंश झाले, खाली येमेनच्या आसपास काहीतरी आलं असेल, उतरावं. व्हिसा मात्र आधी काढून ठेवा.

अहो, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते. शिवनेरीत बसून उडवलेलं नाणं मागच्या सीटवरच्या काकांच्या मांडीत पडतं का? तुमच्याच हातात पडतं ना?

---

ज्ञानेश_वाकड

मग अमेरिकेतून येताना आणि जाताना वेळ वेगळा का लागतो सांगा.

---

जुनी_वेधशाळा

ज्ञानेश, त्याचं कारण वारा. मी शिवाजीनगरच्या वेधशाळेत नोकरी केली, जिला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात (१९२८ मधे हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं पण रिक्षावाल्यांच्या तोंडी नाव तेच राहिलं), तेव्हा याबाबतीत थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

मध्य अक्षांशांवर, म्हणजे अमेरिका युरोपकडे, वर पश्चिमेकडून जोराचा झोतवारा असतो, विमान पूर्वेला जाताना त्यावर स्वार होतं. कोलंबो-मालेच्या पट्ट्यात चित्र वेगळं. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, खाली नैऋत्येचा मोसमी वारा पण बरंच वर बरोबर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोतवारा असतो. आपल्याच खात्याच्या पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्यावर मोठं काम केलं, पुढे ते खात्याचे महासंचालकही झाले. म्हणजे तुम्ही जुलैत गेला असतात तर जाताना वारा पाठीवर आणि येताना तोंडावर. समजा ३० नॉटचा वारा धरला तर जाताना-येताना मिळून सात-आठ मिनिटांचा फरक पडेल. डिसेंबरात तेवढाही नाही. एक तास तर वाऱ्याच्या बापाच्यानं होणार नाही, तो सगळा घड्याळाचा.

आता केतकीच्या वडिलांचा मुद्दा, जो मला या धाग्यातला सगळ्यात चांगला मुद्दा वाटला आणि तुम्ही सगळ्यांनी तो तसाच सोडून दिलात. त्यांचं म्हणणं बिनचूक आहे. पुणे ७३ अंश ५१ मिनिटं, माले ७३ अंश ३० मिनिटं. एका अंशाला सूर्याला ४ मिनिटं लागतात, म्हणजे पुण्यात सूर्य डोक्यावर आल्यावर दीड मिनिटाच्या आत तो मालेकरांच्या माथ्यावर. सूर्याच्या हिशोबाने दोन्ही गावांचं घड्याळ एकच पाहिजे. मग चुकतंय कोण?

चुकतोय आपण, पुणेकर! भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशाची आहे, ती रेघ मिर्झापूरजवळून जाते. पुणे त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला. गुणिले ४, साधारण ३५ मिनिटं. म्हणजे आपल्या घड्याळात १२ वाजतात तेव्हा पुण्याच्या सूर्याला अजून अर्धा तास चढायचं असतं, खरी मध्यान्ह १२:३५ च्या आसपास (तारखेप्रमाणे पाव तासापर्यंत पुढेमागे होते ते सोडा). मालदीवने ७५ अंशाची वेळ धरलीय, तिथे मध्यान्ह सरासरी १२:०६ ला. त्यांचं घड्याळ सूर्याशी जुळतं, आपलं मिर्झापूरशी. सरांना सांगा गच्चीत काठी उभी करून सावली मोजा, सर्वात आखूड कधी होते ते बघा.

आणि हे घड्याळ प्रकरण सरकारं ठरवतात याचा अजून एक पुरावा, श्रीलंकेने १९९६ मधे घड्याळ आधी साडेसहा तास पुढे केलं, मग त्याच वर्षी सहावर आणलं, आणि एप्रिल २००६ मधे परत साडेपाचवर. मधल्या दहा वर्षांत हीच सहल केली असतीत तर तिकिटावर जाताना अर्धा तास आणि येताना अडीच तास दिसलं असतं. सरांनी तेव्हा काय केलं असतं देव जाणे.

---

केतकी_कर्वेनगर

काका _/\_ तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. "आपलं मिर्झापूरशी" यावर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले उद्या बघतो.

दोन दिवस आभाळच होतं. आज उघडीप मिळाली तर सव्वाबारापासून गच्चीत आहेत, खराट्याची काठी कुंडीत खोचून दर ५ मिनिटांनी खडूने सावलीच्या टोकाला खूण करतायत, आईने जेवायला तीनदा हाका मारल्या. निकाल : सावली सगळ्यात आखूड १२:३० ते १२:३५ च्या मधे कधीतरी, नक्की मिनिट सांगता येत नाही कारण तेवढ्यात ढग आला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं गणपतीच्या मांडवाची मापं घेताय का.

पण मग रनवे यांच्या हिशोबाने आम्ही परत येताना कोलंबोला ५:१५ लाच पोचतो ना? ४:१५ ला नाही? म्हणजे ७:०५ च्या विमानाला हातात दोन तास पण नाहीत. तिकीट वेगळं काढणारे, एकाच बुकिंगमधे नाहीये. काय करू?

---

भटकी_मावशी

केतकी, ७:०५ चं अजिबात काढू नकोस.

वेगळं तिकीट म्हणजे पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याला काही घेणंदेणं नाही, पैसे गेले. आणि बॅगा पण आपोआप पुढे जातीलच असं नाही, बहुतेक वेळा कोलंबोत बाहेर यायचं, इमिग्रेशन, बेल्टवरून बॅग घ्यायची, परत वर जाऊन चेक-इन करायचं. इंटरनॅशनलचं काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं म्हणजे ६:०५. ५:१५ ला चाक टेकलं तर हातात ५० मिनिटं, आणि त्यात सत्तरीच्या आसपासचे आईबाबा. शिवाय तू श्रीलंकेत दुसऱ्यांदा शिरणार, तेव्हा तुमच्या ईटीएवर (श्रीलंकेची ऑनलाइन प्रवेश परवानगी) दोनदा प्रवेश आहे ना ते आधी बघून ठेव, हे लोक विसरतात.

मी असते तर ती रात्र नेगोंबोला काढली असती. विमानतळापासून दहाएक किलोमीटर, समुद्राकाठी, सकाळी मासळी बाजार बघण्यासारखा असतो, वाळूवर चटया पसरून मासे वाळत घातलेले असतात (वास सहन होत असेल तर). दुसऱ्या दिवशी निवांत मुंबई.

आणि घड्याळाचा अजून एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलेय म्हणून सांगते. मालदीवच्या पुष्कळ रिसॉर्टवर मालेच्या घड्याळाच्या एक तास पुढे "आयलंड टाइम" चालतो. पाहुण्यांना संध्याकाळी उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून त्यांचं त्यांनी ठरवलेलं. आम्हाला चेक-इनच्या वेळी कोणी धड सांगितलं नाही, एक कागद दिला होता म्हणे. मोबाईल आपला मालेचाच टाइम दाखवत होता. निघायच्या दिवशी बोट १२ ची होती, माझ्या मोबाईलमधे ११ वाजलेले, म्हणून मी आरामात पाण्यात, केस ओले, आणि जेट्टीवर माणूस नावाची पाटी घेऊन उभा, आमच्या खोलीचा फोन वाजतोय. त्याच्या घड्याळात १२ च वाजले होते. ओल्या पोहण्याच्या कपड्यांवर कुर्ता चढवून बोटीत बसले, अख्खा रस्ता थंडीने कुडकुडत. नवरा अजून ते फोटो दाखवतो.

तेव्हा त्या तीन दिवसांत तुमच्याकडे तीन घड्याळं असतील, रिसॉर्टचं, मालेचं आणि पुण्याचं. रिसॉर्ट १२ म्हणजे माले ११ म्हणजे पुणे ११:३०. बोट ठरवताना "कोणते १२?" असं सरळ विचारायचं, लाजायचं नाही.

जाताना तुम्ही २:१० ला उतरताय ते चांगलंय. रिसॉर्टला सीप्लेनने जायचं असेल तर ती फक्त उजेडात उडतात, दुपारी साडेतीनच्या पुढे उतरलात तर बऱ्याचदा ती रात्र मालेतच काढावी लागते. स्पीडबोट असेल तर प्रश्न नाही, विमानतळातून बाहेर पडलं की समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे रिक्षास्टँड असावा तशी बोटींची जेट्टी. आणि तो मालदीव इमिग्रेशनचा इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म, विमानाच्या ९६ तासांच्या आत भरायचा असतो, जाताना पण आणि निघताना पण.

---

रनवे_१०_२८

मावशींशी सहमत, ७:०५ विसरा.

बाबांना अजून एक गणित देतो, आवडेल. कोची ते आगत्ती (लक्षद्वीप) अंतर साधारण ४६५ किमी. कोलंबो-मालेपेक्षा तीनशेने कमी. तरी तिथे एटीआर जातं त्याला साधारण तेवढाच, सव्वा ते दीड तास लागतो. कारण एटीआर पंख्यावालं, ५०० च्या आसपास वेग, तर तुमचं जेट ८३०. आगत्तीची धावपट्टी आखूड, मोठं जेट तिथे बसतच नाही. म्हणजे नुसतं अंतर विचारून वेळ कळत नाही, विमान कुठलं ते पण विचारायला लागतं.

जागेचं विचाराल तर मालेला उतरताना आईंना आधी सांगून ठेवा. विमानतळ हुलहुले नावाच्या बेटावर आहे आणि बेट जवळजवळ धावपट्टीएवढंच लांब. खिडकीतून खाली पाणी, अजून पाणी, आता तर लाटांचा फेस पण दिसतोय, जमीन काही येत नाही, आणि धप्प, चाकं टेकतात. माझ्या शेजारच्या बाईंनी माझं मनगट असं धरलं होतं की घड्याळाचा ठसा उमटला. माले शहर शेजारच्या बेटावर, २०१८ पासून मधे पूल झालाय त्यामुळे आता गाडीने पण जाता येतं.

---

पेठेतला_नातू

दोन्ही "बेटांवरचे विमानतळ" म्हणायला ठीक, पण एक बेट, श्रीलंका, ६५ हजार चौरस किमी, महाराष्ट्राच्या एक पंचमांश, आणि दुसरीकडे अख्ख्या मालदीवची सगळी बेटं एकत्र केली तरी जमीन ३०० चौ. किमीच्या आसपास. हद्दवाढीनंतरची पुणे महापालिका याहून मोठी आहे. फक्त त्यांच्याकडे पाणी चोवीस तास दिसतं.

बेट ते बेट विमानाचं खरं टोक बघायचं तर स्कॉटलंडच्या वर ऑर्कनीमधे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. अंतर २.७ किमी, शनिवारवाडा ते स्वारगेट समजा. वेळापत्रकात २ मिनिटं लिहितात आणि रेकॉर्ड ५३ सेकंदांचं आहे. १९६७ पासून चालू आहे. आमच्याकडे ५३ सेकंदांत बाजीराव रोडचा एक सिग्नल सुटत नाही.

---

ज्ञानेश_वाकड

नाण्याचं पटलं. पण मग पृथ्वी फिरण्याचा विमानावर काहीच परिणाम नसतो का?

---

जुनी_वेधशाळा

असतो, पण तो वाऱ्यामार्फत. झोतवारे पूर्व-पश्चिम वाहतात त्यामागे पृथ्वीचं फिरणं आहेच. तेव्हा तुम्ही अगदीच चूक नव्हता, फक्त मधली एक पायरी गाळलीत. सरांच्या वर्गात अर्धे मार्क मिळाले असते.

---

केतकी_कर्वेनगर

बाबांनी हे वाचून सांगितलंय की पायरी गाळली तर ते अर्धे पण देत नव्हते.

मंडळी खूप खूप आभार. ७:०५ चं रद्द, नेगोंबोला एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीचं विमान असं ठरलं, आईला मासळी बाजार हे ऐकूनच ट्रिप आवडायला लागलीय. ईटीए बघितला, दोनदा प्रवेश आहे. रिसॉर्टला मेल टाकली की तुमचं घड्याळ कुठलं, त्यांचं उत्तर आलं, "आयलंड टाइम, मालेच्या १ तास पुढे". मावशी, तुमच्यामुळे वाचलो.

बाबांनी वहीत नवीन तक्ता केलाय, प्रत्येक वेळेपुढे तीन रकाने, स्थानिक, रिसॉर्ट आणि पुणे. पायथागोरसने ७७७.४ आलं, त्याखाली दोनदा रेघ मारून दोऱ्याचे ७८० पण लिहून ठेवलेत. सगळ्यात वरची ओळ मात्र घरातून निघायची, कर्वेनगर ते मुंबई विमानतळ, १५० च्या वर किलोमीटर, पुढे वेळ लिहिलीय ५ तास आणि कंसात "खंडाळ्यात अडकलो तर ६".